मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र : न्यायालयात ऐच्छिक, दारात सक्ती

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की मतदार यादीसाठी आधार देणं सक्तीचं नाही आणि हे स्पष्ट व्हावं म्हणून फॉर्ममध्ये योग्य ते बदल करण्याचा विचार चालू आहे. त्या शब्दावर न्यायालयाने याचिका निकाली काढली. आम्हीही विश्वास ठेवला. पुढे लोकसभा झाली, विधानसभा झाली, आणि गेल्या आठवड्यात मतदार यादीला आधार जोडण्यासाठीचा जो फॉर्म ६ब माझ्या आईच्या हातात आला तो जुनाच. त्यात दोन पर्याय आहेत. आधार क्रमांक लिहा, नाहीतर 'माझ्याकडे आधार क्रमांक नाही म्हणून देऊ शकत नाही' यावर खूण करा आणि दुसरा कागद जोडा. ज्याच्याकडे आधार आहे पण मतदार यादीला जोडायचं नाही, त्याने कुठे खूण करायची? खोटं लिहून खाली सही करायची का?

फॉर्म घेऊन आलेले गृहस्थ शाळेत शिक्षक आहेत. वर्ग सोडून उन्हातान्हात दारोदार फिरतात, त्यांना वरून रोजचा आकडा मागतात. माझा राग त्यांच्यावर नाही. पण ते आईला म्हणाले, "मावशी, लिंक नाही केलं तर नाव उडेल. मग मला बोलू नका." हे वाक्य कुठल्या कायद्यात आहे, ते मला आपल्याकडून हवं आहे.

माझी आई सोलापूरची. लहानपणापासून विड्या वळत आली. तेंदूचं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, सुताने बांधायची, तोंड नखाने दाबून बंद करायचं, आणि हजार पुऱ्या झाल्याशिवाय उठायचं नाही. त्या बोटांवर आता रेघा उरलेल्या नाहीत, ती काचेसारखी गुळगुळीत झाली आहेत. मतदार यादीत तिचं नाव 'बाई' लावून आहे, आधारवर 'बाई' गाळलेलं. यादीत वय वेगळं, आणि आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, कारण जन्मतारीख सांगता न येणाऱ्या तिच्यासारख्या असंख्य लोकांना अशीच १ जानेवारी चिकटवलेली आहे. आता म्हणतात, नोंदी जुळत नाहीत, आधी आधार दुरुस्त करून आणा.

आणायला गेलो. केंद्रावरच्या मुलाने तिची बोटं ओल्या फडक्याने पुसली, स्वतःच्या हाताने दाबून धरली, "आजी, जोर द्या" म्हणाला. एकेक बोट झालं, अंगठे झाले, मशीन काही घेईना. मागे रांग, रांगेतून कुरकुर. ओटीपीवर काम होईल का विचारलं, तर तो जातो जुन्या मोबाईल नंबरवर आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा आहे. घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली, "मी खोटी आहे का रे?"

महोदय, आणीबाणीनंतर १९७७ साली तिने पहिल्यांदा मत दिलं. त्यानंतर एकही निवडणूक चुकवली नाही. दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभी राहिली आहे ती. त्या बाईला आज स्वतः जिवंत आणि खरी असल्याचं सिद्ध करावं लागतंय, आणि तेही तिच्या कामाने झिजवलेल्या बोटांनी!

आपण म्हणाल, बोगस आणि दुबार नावं काढायची आहेत. काढा ना, कोण नको म्हणतंय? पण आधार त्याचा इलाज कसा? आधार कायद्याचं कलम ९ सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. वर्षभरात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. म्हणजे बाहेरचा माणूस आधार दाखवून आत येऊ शकतो आणि इथेच जन्मलेली म्हातारी स्पेलिंगपायी बाहेर. मेलेल्यांची नावं काढायला जन्ममृत्यूची नोंदवही आहे, घरोघर जाऊन चौकशी आहे. ते कष्टाचं काम टाळून एक नंबर दुसऱ्या नंबराला शिवायचा, आणि शिवताना जे कापलं जाईल त्याला तांत्रिक अडचण म्हणायचं.

हा प्रयोग पहिला नाही, हे आपल्याला माहीत आहे. मार्च २०१५ मध्ये आयोगाने मतदार याद्या शुद्ध करण्याच्या नावाखाली ही जोडणी सुरू केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबवावी लागली, तोवर ३० कोटींच्या वर नंबर गोळा झाले होते. डिसेंबर २०१८ मध्ये तेलंगणात मतदानाच्या दिवशी लोक केंद्रावर गेले तर नावंच नाहीत. तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. ही नावं आधार-जोडणीच्या सॉफ्टवेअरमुळे गेली, असा आरोप तेव्हाच झाला होता. माफीने गेलेलं मत परत आलं का?

तरी डिसेंबर २०२१ मध्ये या जोडणीसाठी निवडणूक कायद्यांचं दुरुस्ती विधेयक आलं. २० तारखेला लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर. देशातल्या ९० कोटींहून जास्त मतदारांचा प्रश्न दोन दिवसांत उरकला. त्या कायद्यातही लिहिलंय की पुरेशा कारणामुळे आधार देता आलं नाही तर नाव वगळता येणार नाही. पुरेसं कारण कोण ठरवणार? २०२३ पर्यंत ६६ कोटी २३ लाख आधार क्रमांक आपल्याकडे आलेले होते. त्यातले किती जणांनी खुशीने दिले आणि किती जणांनी "नाव उडेल" ऐकून दिले, याचा हिशेब आयोगाने कधी मांडला का? मार्च २०२५ मध्ये गृह सचिव आणि आधार प्राधिकरणाचे प्रमुख यांच्यासोबत बैठक घेऊन हेच काम पुढे न्यायचं आपण ठरवलंत. मतदाराला कुणी बोलावलं होतं त्या बैठकीला?

नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. गरिबाला ओळख मिळेल, असं तेव्हा सांगितलं. आज रेशनवर अंगठा उठत नाही म्हणून माणूस परत जातो. पॅनला आधार वेळेत जोडलं नाही म्हणून आम्हीच १००० रुपये भरायचे. लाडकी बहीणची ई-केवायसी करायला बायका ओटीपी येईना म्हणून रात्री जागून मोबाईल धरून बसल्या. प्रत्येक वेळी चूक मशीनची, दंड माणसाला. आणि प्रत्येक गोष्ट आधी ऐच्छिक असते! सरकार बदलतं, फॉर्मचा रंग बदलतो, हेलपाटे त्याच लोकांना.

पण रेशन आणि मत यांत फरक आहे. सबसिडी सरकार देतं, मताचा हक्क सरकारने दिलेला नाही. तो राज्यघटनेच्या कलम ३२६ ने दिला आहे, आणि त्याच मताच्या जोरावर आम्ही सरकारला जाब विचारतो. कुणाला कुठली योजना, कुणाचं बँक खातं कुठलं, कुणाचा मोबाईल कोणता, हे सगळं ज्या नंबराला बांधलंय तोच नंबर मतदार यादीलाही बांधला, तर सत्तेवर कुणीही असो, त्याच्या हातात काय जाईल याचा विचार आपण केला असेलच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये एकमताने सांगितलं आहे.

म्हणून मागणी करतो. फॉर्म ६ब मध्ये 'मला आधार द्यायचं नाही' असा तिसरा पर्याय छापा, आणि कारण विचारू नका. दारावर येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात मराठीत लेखी सूचना द्या की आधार नाही म्हणून नाव जाणार नाही. एकदा यादीत असलेल्या माणसाला नोटीस आणि सुनावणी दिल्याशिवाय काढता येत नाही, हे १९९५ च्या लालबाबू हुसेन खटल्यात ठरलं आहे. ती नोटीस बीडच्या ऊसतोड मजुराच्या कुलूपबंद घरावर चिकटवून भागवू नका. हंगामात तो कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतो.

आणि ज्यांची नावं वगळाल, त्यांची यादी कारणासकट, शोधता येईल अशी, बूथवार जाहीर करा. बिहारमध्ये ६५ लाख नावांची अशी यादी ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश दिल्यावर आपण लावलीत. महाराष्ट्रात कुणी न्यायालयात जाण्याआधी लावा.

उत्तर लेखी हवं आहे.

आपला,
सोलापूरचा एक मतदार