शिक्षा ठरताना पीडितालाही ऐका

महोदय,

सत्र न्यायालयात आरोपी दोषी ठरतो आणि बऱ्याचदा त्याच दुपारी शिक्षेवरचा युक्तिवादही उरकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम 258 नुसार शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. म्हातारे आईवडील, लहान मुलं, पहिलाच गुन्हा, हे सारं नोंदवलं जातं. तसं व्हायलाच हवं. पण कोयत्याच्या वारानंतर ज्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तो त्या वेळी घणसोलीत घरी बसलेला असतो. साक्ष संपल्यावर त्याला कोणी बोलावलेलंच नसतं.

शिक्षा कमी वाटली म्हणून पीडिताला अपीलही करता येत नाही. याच संहितेचं कलम 413 फक्त निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषसिद्धी आणि अपुरी भरपाई यांपुरतंच आहे. म्हणजे जे सांगायचं ते त्या दुपारीच.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात हा हक्क 2016 पासून आहे. कलम 15-अ नुसार पीडिताला कामकाजाची वेळेवर सूचना मिळायला हवी, आणि शिक्षेवर तो लेखी म्हणणंही देऊ शकतो. बाकी गुन्ह्यांतल्या पीडितांना हे का नाही? सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये लखीमपूर खेरीच्या शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात तपासापासून अपिलापर्यंत पीडिताचं ऐकलं पाहिजे, असं स्पष्ट केलं. नव्या संहितेत खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताला ऐकणं सक्तीचं झालं, कलम 258 मात्र होतं तसंच राहिलं.

कायदा बदलत नाही तोवर पीडिताने स्वतः जागं राहावं. युक्तिवाद संपल्यापासून 30, फार तर 45 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. त्या काळात न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून तारीख पाहत राहावी. दोन पानी लेखी म्हणणं सरकारी वकिलांकडे आधीच द्यावं: डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला, बुडालेल्या पगाराचं मालकाचं पत्र, पुढच्या उपचारांचा अंदाज. साक्षीत न आलेली नवी घटना त्यात घुसवू नये. बचाव पक्ष हरकत घेतो आणि सगळा कागदच बाजूला पडतो. घरचा पत्ता, फोन नंबर टाळावा, कारण प्रत आरोपीलाही जाते. भरपाई आकड्यासह मागावी. दंड झाला नाही तरी संहितेच्या कलम 395 खाली ती देता येते, आणि अपुरी पडली तर 396 खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे शिफारस होऊ शकते. वकील परवडत नसेल तर याच प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण दोषसिद्धी आणि शिक्षा यांत आठवडाभराची तारीख द्यायला कायद्याची आडकाठी नाही. ठाणे आणि बेलापूरच्या न्यायालयांनी तेवढी तारीख द्यावी आणि कोर्ट पैरवीच्या, म्हणजे खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या, पोलिसामार्फत फिर्यादीला ती कळवावी, ही कळकळीची विनंती.

— फौजदारी खटले चालवणारे काही वकील, ठाणे