सोन्याला टॅब नको, भिगवण दे

चिऊ,

काल तू फोनवर विचारलंस ना, सोन्याच्या वाढदिवसाला टॅब घेऊ का म्हणून, तेव्हा मी नुसतं बघू म्हणालो, कारण तुझी मिटिंग सुरू होणार होती आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटात सांगण्यासारखं नाही. आज निवांत लिहितोय. टॅब नको बाळा. यंदा त्याला भिगवण दे, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्यावरचे पक्षी बघायला एक दिवस घेऊन चल.

मागच्या वाढदिवसाची ती लाल रिमोटची गाडी आठवते? दिवाळीत तो इथं आला तेव्हा मी विचारलं गाडी कुठंय रे, तर म्हणाला कुठली गाडी. आणि त्याच पोराला कुडलच्या जुन्या देवळांचं मात्र सगळं पाठ आहे, आईला तर त्यानं चार वेळा सांगितलं असेल.

तू त्या दिवशी बाहेर गाडीत ऑफिसच्या कॉलवर होतीस म्हणून तुला आतलं काही माहीत नाही, म्हणून सांगतो. हत्तरसंग कुडलला एकाच शिवलिंगावर महादेवाची 359 मुखं कोरलेली आहेत, सोन्या मोजायलाच बसला, चाळीसच्या पुढं गेला की चुकायचा नि परत पहिल्यापासून. मग मी त्याला खांद्यावर घेतलं आणि संगमेश्वराच्या देवळात तुळईवरचा लेख दाखवला, शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. पोरगं आत्ता कुठं जोडाक्षरं वाचायला लागलंय. मला विचारतो, आजोबा हे मराठीच आहे का? म्हटलं हो रे, हजार वर्षांपूर्वीची, आणि शेवटी जे लिहिलंय त्याचा अर्थ जाणकार असा लावतात की जो हे वाचेल तो विजयी होईल. झालं! एका हातानं माझे केस घट्ट धरले आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं एकेक अक्षर हवेत गिरवायला लागला, त्यातलं एक 'त' सारखं दिसलं तर केवढ्यानं ओरडला, वाचलं वाचलं. ते बोट मला अजून दिसतं गं डोळ्यासमोर.

माझे वडील गिरणीत होते हे तुला माहीतच आहे. चौथी पास झालो तेव्हा मी सायकल मागितली होती, ती काही जमण्यासारखी नव्हती, पण एका सुट्टीच्या दिवशी पहाटे उठवलं आणि मला विजापूरला घेऊन गेले, तेव्हा मीटरगेजची गाडी होती, छोटी लाईन म्हणायचो आम्ही. गोलघुमटात वर गॅलरीत मला भिंतीला कान लावून उभं केलं आणि स्वतः चालत चालत पार समोरच्या बाजूला गेले, एवढे लांब की चेहरा नीट दिसेना. आणि मग माझं नाव भिंतीतनं आलं. हळू आवाजात, जसं घरी झोपलो असताना हाक मारायचे तसं. वडील जाऊन किती वर्षं झाली, पण तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. सायकल पुढं मिळाली पण, कुठल्या रंगाची होती ते विचारलंस तर सांगता येणार नाही.

वस्तू घेऊच नये असं मी म्हणत नाही, बूट फाटले तर बूट घ्यायलाच पाहिजेत. पण वाढदिवसाची भेट म्हणून त्याला तू पाहिजेस, पूर्ण एक दिवस, फोन बंद करून. हे पण मनात होतं म्हणून बोलतो, राग मानू नको, पावसाळ्यात तू त्याला नळदुर्ग दाखवते म्हणाली होतीस, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला 1613 चा पाणीमहाल, नर-मादी धबधबा, पोरानं वहीत चित्र काढून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी पुढच्या रविवारी करता करता पाऊस संपला, आता धबधब्याला पाणी नाही. लहान पोरं असलं विसरत नाहीत बाळा, फक्त बोलून दाखवत नाहीत. म्हणून यावेळी तारीख ठरवून कागदावर लिही, लिफाफ्यात घाल आणि तो लिफाफाच त्याच्या हातात दे, आणि मग ती तारीख काहीही झालं तरी हलवायची नाही.

भिगवण का, तर एकतर वाढदिवस जानेवारीत, उजनीच्या पाण्यावर तेव्हा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो असतात. दुसरं म्हणजे हायवेलाच आहे, तुम्ही पुण्याहून या, मी नि आई इकडून एसटीनं येतो. डिकसळ नाहीतर कुंभारगावला कोळ्यांच्या होड्या मिळतात, पक्षी त्यांच्याइतके कुणाला माहीत नाहीत, पण उजाडता उजाडता पोचायला पाहिजे. रोहित मान खाली घालून चोच उलटी करतात आणि चिखलपाण्यातनं गाळून खातात, आणि त्या खाण्यातल्या शेवाळामुळंच त्यांना तो गुलाबी रंग येतो, हे त्याला आधी सांगू नको हं, ते मला होडीत बसून सांगायचंय. आणि हे पाणी त्याच भीमेचं, उजनीतनं पंढरपूरवरनं खाली येते आणि कुडलला तिला सीना येऊन मिळते, त्यानं तिथं दगड टाकले ना, तीच नदी. हे ऐकल्यावर तो काय काय विचारेल ते मला आत्ताच ऐकू यायला लागलंय.

लाल भडक टीशर्ट घालू नको त्याला, मातकट रंगाचं काहीतरी घाल, आणि स्वेटर कानटोपी पाहिजेच, पाण्यावर सकाळी फार गार असतं. दुर्बीण माझी आणतो. आईनं कडक भाकरी नि शेंगाचटणीचं आत्ताच ठरवलंय, दही तुम्ही आणा.

जानेवारीतला कुठला शनिवार तुला रिकामा आहे तेवढं आज रात्री कळव, म्हणजे मी होडीवाल्याला विचारून ठेवतो.

बाबा