मित्रास पत्र : दोनशे माणसांची परवानगी

कोल्हापूर,
12 ऑगस्ट 2021

प्रिय सुन्या,

फोन केला असता तर पुन्हा भांडलो असतो, म्हणून कागद घेतलाय. जूनमध्ये कोरोनाच्या निर्बंधांवरून आपलं बोलणं तुटलं ते "तू बस तुझ्या खाटा मोजत" या तुझ्या वाक्यावर. त्यानंतर महापुरात मी "पाणी कुठंवर?" विचारलं, तू "गोडाऊनच्या दुसऱ्या पायरीवर" लिहिलंस. मधे बाकी काही नाही. वहिनींचा फोन आला नसता तर पाणी पुढं आत शिरलं हेही मला कळलं नसतं.

कालची बातमी ऐकली असशीलच. 15 ऑगस्टपासून दुकानं रात्री दहापर्यंत, लग्नाला मंगल कार्यालयात शंभर आणि लॉनवर दोनशे माणसं. आरोग्यमंत्री टोपे टीव्हीवर सांगत होते तेव्हा मला आधी तू आणि तुझा मांडवाचा धंदा आठवला आणि मग पंचांग. उद्या नागपंचमी. चातुर्मासात कोण लग्न काढतंय? एप्रिल-मेचे मुहूर्त होते तेव्हा पंचवीस माणसं, दोन तास आणि चुकलं तर पन्नास हजार दंड. मुहूर्त संपले आणि दोनशेची मुभा आली. गणपतीलाही मंडळांची मूर्ती चार फुटांच्या वर नाही, म्हणजे मांडव केवढा ते आलंच. तू हसला असशील. मला काही हसू आलं नाही.

आता भांडणाचं. तू म्हणाला होतास, "हॉस्पिटलच्या चाळीस टक्के खाटा भरल्या की निर्बंध म्हणे. अरे, मग साठ टक्के रिकाम्या आहेत की! माझं गोडाऊन कशाला बंद?" मी तेव्हा तुला आकडे फेकून मारले. तसं नको होतं. तुला तुझ्याच धंद्यातलं सांगायला हवं होतं. पहिली पंगत बसल्यावर आचारी तिसऱ्या पंगतीचा भात चढवतो ना? पानं वाढून झाल्यावर तांदूळ धुवायला घेतले तर वऱ्हाड उठून जाईल. या आजारात लागण झालेला माणूस आठवडा-दहा दिवसांनी ऑक्सिजनला येतो. आज खाट रिकामी दिसते ती दहा-पंधरा दिवसांपूर्वीच्या बाजाराची गोष्ट सांगते. एवढं मी अजूनही सोडत नाही.

पण एप्रिलपासून जुलैपर्यंत मला कंट्रोल रूमला ड्युटी होती, आणि तिथं जे बघितलं ते तुला धड सांगितलंच नाही. गणिताचा मास्तर म्हणून मला खाटांच्या तक्त्यावर बसवलं. दोन फोन, एक कॉम्प्युटर, भिंतीवर पांढरा बोर्ड. मे महिन्यातली एक रात्र. तालुक्याच्या गावातनं एकजण बोलत होता, बायकोच्या रक्तातला ऑक्सिजन 82 टक्के, म्हणजे धोक्याचा. तक्त्यात एका हॉस्पिटलपुढं सहा खाटा रिकाम्या. फोन लावला. तिकडचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "सर, खाटा आहेत. ऑक्सिजन सकाळी येणार आहे. आणि रात्रीला सिस्टर एकच आहे." मी विचारलं, मग सहा कशाला भरलंय? तर म्हणाला, "फॉर्ममध्ये खाटा विचारल्यात." खोटं काय बोलला? चौथ्या ठिकाणी जागा मिळाली तेव्हा पावणेचार वाजले होते. पुढं काय झालं ते कळायची सोय नव्हती, दुसरा फोन वाजत होता.

त्यानंतर मी सिलिंडरचा हिशेब शिकलो. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर वायू. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या पेशंटला तो जेमतेम बारा तास पुरतो. हाय फ्लोवरच्या, म्हणजे नाकातनं जोरानं ऑक्सिजन सोडलेल्या, पेशंटला मिनिटाला साठ लिटर लागले तर दोन तासांतच रिकामा. म्हणजे एक पेशंट सहांचा ऑक्सिजन ओढतो, पण तक्त्यात दोघांचीही एकेकच खाट. तू खुर्च्या मोजून जेवण ठरवतोस का? कोण कुठल्या पंगतीला बसणार हे विचारतोस ना आधी.

जूनमध्ये निर्बंधांचे ते पाच स्तर आले, पहिला सगळ्यात सैल, पाचवा सगळ्यात कडक. पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर टेस्टमागं बाधित किती, आणि ऑक्सिजनच्या खाटा किती टक्के भरल्या, त्यावर बाजार उघडणार की मिटणार. दर गुरुवारी आकडे, सोमवारपासून अंमल. आपलं कोल्हापूर पहिल्याच यादीत चौथ्या स्तरात. कागदावर मला ती पद्धत फार आवडली होती, मास्तरच ना शेवटी. मग एके दिवशी डोक्यात आलं की सातवीतल्या पोराला विचारण्यासारखं उदाहरण आहे हे. हजार खाटांपैकी 620 भरल्या तर 62 टक्के, म्हणजे चौथा स्तर. कुणी शंभर खाटा वाढवल्या तर अकराशेपैकी 620, म्हणजे 56 टक्के. आला तिसरा स्तर, उघडा दुकानं. एकही पेशंट बरा झालेला नाही, फक्त छेद वाढला. टेस्टचंही तेच. धडधाकट माणसं रांगेला लावून टेस्ट वाढवल्या की टक्का खाली येतो. कुणी मुद्दाम तसं केलं असं मी म्हणत नाही. पण तुझ्या गोडाऊनचं कुलूप असल्या अपूर्णांकावर लटकत होतं, आणि तुला मी तो अपूर्णांक वेदवाक्यासारखा ऐकवत होतो.

म्हणून कालच्या बातमीतली एक ओळ मला दोनशे माणसांपेक्षा मोठी वाटली. ऑक्सिजनची गरज रोज 700 टनांवर गेली की राज्यात आपोआप निर्बंध. खाट सोडून एकदाचा टन धरला! राज्यात दिवसाला तयार होतो साधारण 1300 टन, आणि एप्रिल-मेमध्ये गरज 1700 च्या वर गेली होती. विशाखापट्टणमहून रेल्वेवर टँकर चढवून आणावे लागले ते त्यामुळं. 700 म्हणजे निम्म्यावर हाक मारणं. ही रेघ मला पटते. नर्सचं मात्र अजून कुणी धरलेलं नाही.

आता जे लिहायला जड जातंय ते. तू म्हणालास, "तुझा पगार एक तारखेला पडतो म्हणून तुला बंद परवडतं." मला राग आला, कारण खरं होतं. 2020 च्या मार्चचा माझा पगार दोन हप्त्यांत आला, तेवढ्यावर आमच्या स्टाफच्या ग्रुपवर आठवडाभर बोंब होती. हप्ता होता तो, कपात नव्हे! आणि तुझ्याकडची चौदा पोरं, वासे उभे करणारी, कनाती बांधणारी, त्यांचं काय? यंदा एप्रिलमध्ये पॅकेज निघालं, परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार यांना दीड-दीड हजार. मंडपवाल्याचं नाव त्यात शोधून सापडलं नाही. आचारी, वाढपी, बँडवाले, कुणीच नाही. आणि त्याच एप्रिलात पंढरपूरच्या पोटनिवडणुकीच्या सभा. तिथल्या मांडवाला किती माणसांची अट होती रे?

तरी त्या वेळी बंद हवा होता, असंच मी म्हणेन. मेमध्ये लॉन उघडी असती तर माझ्या बोर्डावर लिहायला जागा उरली नसती. पण ज्याला बंद करायला सांगायचं त्याच्या घरात त्याच दिवशी पैसे पोचवायचे, हा बंदचाच भाग असायला हवा होता. तुझ्याशी भांडताना मी तेवढंच वगळलं. तू ते सोडून दुसरं काही बोलतच नव्हतास आणि मी खाटा मोजत बसलो.

असो. आता कामाचं. अक्काच्या थोरलीचं ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त काढायचा, इकडंच, लॉनवर. दोनशे माणसं धरून चाललोय, अक्का तीनशे म्हणतेय, तिला मी बघतो. मांडव तुझा. पाच हजार विसार म्हणून आज तुझ्या खात्यावर टाकलेत. परत पाठवू नकोस, ही ऑर्डर आहे, मदत नव्हे. दराचं बोलायला मी रविवारी सांगलीला येतो. निर्बंध असतील तर तुमच्या दारात उभा राहून बोलेन.

तात्यांना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, भडंग करून ठेवा. आणि ते मोठं लाल जाजम पुरातून वाचलं का? 2019 ला आपण दोघांनी ते गच्चीवर वाळत घातलं होतं, चार दिवस वास जात नव्हता. नसेल वाचलं तर आत्ताच सांग, इथं एकाकडं जुनं विकायला आहे.

तुझा,
बाळ्या