माघार घेतलेल्या मुलांना पुन्हा सैन्यात जायचे असेल तर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लष्करी छावणीचे महू आमच्या इंदूरपासून हाकेच्या अंतरावर असल्याने इकडच्या मराठी घरांतही सैन्यात जाण्याची ओढ जुनी आहे. माझ्या भाच्याने लेखी परीक्षा, धावणे आणि वैद्यकीय तपासणी हे सारे पार करूनही ऐनवेळी, आजीच्या आजारपणामुळे (आणि खरे सांगायचे तर थोड्या भीतीनेही) माघार घेतली. आता त्याला पुन्हा अर्ज करायचा आहे. ओळखीतल्या एका मध्यस्थाने त्याला ‘जुने काही सांगूच नकोस’ असा सल्ला दिला, तो मला अत्यंत घातक वाटतो, कारण सैन्यात शपथेवर दिलेली खोटी माहिती पुढे कधीही अंगाशी येऊ शकते.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. भरती होण्यापूर्वी थांबणे वेगळे. पण १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार दाखल झाल्यावर चार वर्षांची मुदत संपण्याआधी स्वेच्छेने बाहेर पडता येत नाही, अगदी अपवादात्मक प्रसंग वगळता. शिवाय वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही आणि गेल्या खेपेचा वैद्यकीय निकाल या वेळी उपयोगी पडत नाही.

भरती कार्यालयांनी प्रत्येक जाहिरातीत अशा फेरअर्जदारांसाठी दोन स्पष्ट ओळी छापाव्यात, म्हणजे मुलांना मध्यस्थांकडे जावे लागणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर