प्राप्तिस्थान : तेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वस्तुसंग्रहालयांवरचा लेख मी सोमवारी वाचला, कारण रविवारी तुमचा पेपर आमच्या पार्किंगमधल्या डबक्यात पडला होता आणि पंख्याखाली वाळवावा लागला. (पेपर टाकणाऱ्या पोराला काही बोलू नका, पण पावसाळ्यात निदान पिशवीत घालून टाकायला सांगा, हे मी फोनवर दोनदा सांगून झालंय.) वाळवला नसता तरी चाललं असतं असं लेख वाचून वाटलं.

लेखकमहाशयांचं म्हणणं असं की लोक तिकीट काढून येतात ते बघण्यासारखं काहीतरी बघायला, तर ही फुटकी खापरं, मुंडकं नसलेल्या बाहुल्या, अर्ध्या बांगड्या गोदामात टाका आणि तिथं मोठे स्क्रीन लावा. 'भंगार' हा शब्द त्यांचाच. आणि वर फोटो कुठला, तर तेरचा! खाली लिहिलंय 'तेर, जि. लातूर'. अहो, तेर धाराशिव जिल्ह्यात आहे, आधी उस्मानाबाद म्हणायचे तेव्हाही त्याच जिल्ह्यात होतं.

तेर माझं माहेर. गोरोबाकाकांचं गाव. संतांच्या मेळ्यात कुणाचं मडकं कच्चं आहे ते काकांनी डोक्यावर थापटणं मारून ओळखलं होतं, हे तुमच्या लेखकांना माहीत असेलच. जास्त काही बोलत नाही.

आमच्या लहानपणी सगळी घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायची आणि ती माती आणायची कुठून, तर गावाशेजारच्या पांढरीच्या टेकाडावरून, गाढवं लावून. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव खणून आम्ही आमच्या डोक्यावर घेत होतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक? पाऊस लागला की वळचणीखाली अकिकाचे मणी पडायचे, शंखाच्या बांगडीचे तुकडे पडायचे. आज्जी मणी धुऊन बाळांच्या करदोट्यात ओवायची, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या धाकट्या भावाच्या कमरेला सातवाहनांच्या काळातले तीन मणी होते आणि त्यातला एक त्यानं गिळला, ती गोष्ट वेगळी.

तर १९६८ च्या पावसाळ्यात वडिलांना टेकाडाच्या कडेला मातीचं एक शीर सापडलं. बाईचं. लिंबाएवढं. केसांचा भांग, कानात मोठ्ठी कर्णभूषणं आणि मानेखाली काही नाही. वडील शाळामास्तर, त्यामुळे त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली, कुठल्या टेकाडावर, कुणाच्या गोठ्यापासून किती पावलांवर, किती खोल, कुठल्या तारखेला. शीर आणि चिठ्ठी दोन्ही बोर्नव्हिटाच्या डब्यात कापसात. पुढं भावानं (मणी गिळला तोच) डबा पाडला आणि बाईच्या नाकाचा टवका उडाला. वडिलांनी फेव्हिकॉलनं चिकटवला पण जरा डावीकडं. त्या रात्री भावाला जे पडले ते पडलेच.

१९८३ साली वडिलांनी तो डबा चिठ्ठीसकट एका संग्रहालयाला दिला. तेरच्या नव्हे, आणि कुठल्या ते लिहीत नाही, कुणाची नोकरी जायला नको. पोच मिळाली. वडिलांनी ती फ्रेम करायची तेवढी बाकी ठेवली होती.

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन तिथं गेले. तिसऱ्या दालनात कोपऱ्यातल्या कपाटात बाई दिसली. नाक डावीकडं! मी तर काचेला हात लावून उभी राहिले, गार्ड ओरडला. आणि खाली पाटी काय, तर 'स्त्रीशीर्ष. भाजलेली माती. प्राप्तिस्थान : अज्ञात.'

अज्ञात? पावलं मोजून लिहिलं होतं हो माणसानं!

ऑफिसात गेले तर साहेब मीटिंगला. मग अर्ज केला, पोचेची झेरॉक्स जोडली. दोन महिन्यांनी उत्तर आलं की 'संदर्भीय नोंदवही जीर्ण झाल्याने पडताळणी शक्य नाही.' ज्यांना दोन हजार वर्षांपूर्वीची माती सांभाळायला पगार मिळतो त्यांना चाळीस वर्षांपूर्वीची वही सांभाळता आली नाही. आता याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते सांगा.

आता तुमच्या लेखकांसाठी. फुटका तुकडा काय करू शकतो ते ऐका. १९४४ मध्ये मॉर्टिमर व्हीलर हे इंग्रज पुरातत्त्वज्ञ मद्रासच्या संग्रहालयात गेले होते. तिथल्या कपाटात हात घातला तर हाताला लागली एका मडक्याची मान आणि कान. भूमध्य समुद्राकडून दारू यायची त्या अँफोराचा तुकडा. हा कुठला म्हणून विचारलं, तर पाँडिचेरीचा, असं सांगणारं कुणीतरी तिथं होतं. त्या एका उत्तरावर ते पाँडिचेरीला गेले, १९४५ मध्ये अरिकामेडूला खणलं आणि इटलीहून आलेली लाल चकचकीत भांडी निघाली, म्हणजे त्यांचीही खापरंच. त्या भांड्यांचा काळ ठाऊक होता म्हणून दक्षिणेतल्या कितीतरी जागांचे काळ बसवता आले. आता त्या कपाटावर 'प्राप्तिस्थान अज्ञात' अशी पाटी असती तर? बसले असते साहेब चहा पीत.

आणखी जवळचं सांगते. इटलीतलं पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथं १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली, दोन बाजूंना दोन दासी. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात असते, आधी तिला लक्ष्मी म्हणायचे, आता यक्षी म्हणतात. आमच्या तेरलाही तिच्या जातकुळीची हस्तिदंती बाई मिळाली, ती दिसायला सुरेख म्हणून फोटो तिचेच छापून येतात. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात जी मिळाली ती मोडकी, खालचाच भाग शिल्लक. मात्र त्या भागात दासी आहेत! पाँपेईची बाई भोकरदनकडं घडली असावी असं काही अभ्यासक म्हणतात ते या मोडक्या तुकड्याच्या जोरावर. तुमच्या लेखकांच्या हातात दिला असता तर कचरापेटीत गेला असता, डोकं नाही म्हणून. डोकं नसलेल्या गोष्टी पुरवणीत छापतात मात्र.

२०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली तेव्हा मीही साताऱ्याला जाऊन रांगेत उभी राहिले होते, त्याबद्दल तक्रार नाही. मोठ्या वस्तूंना बघणारे मिळतातच. लिंबाएवढ्या बाईला फक्त ती पाटी असते, आणि पाटीवर तिचं गाव नसेल तर ती खरोखरच भंगार होते, एवढं मात्र तुमच्या लेखकांचं बरोबर निघेल, चुकून.

तेरलाच बघा. पेरिप्लस या दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापारी पुस्तकात 'तगर' म्हणून गाव येतं, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथून माल गाड्यांत भरून भडोचला जायचा. ते तगर म्हणजे आमचं तेर असं फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं १९०१ मध्ये मांडलं. पण गावातल्या गावात मणी, मुद्रा, केओलिन या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या वर्षानुवर्षं गोळा करून ठेवल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज गावात आहे. वडिलांनी डबा तिथंच का दिला नाही यावरून आई त्यांना शेवटपर्यंत बोलत होती. 'मोठ्या शहरात जास्त लोक बघतील' हे वडिलांचं उत्तर. बघतात ना, अज्ञात म्हणून बघतात.

नातवानं विचारलं, आज्जी, स्केचपेननं लिहू का काचेवर? मी नको म्हटलं. आता वाटतं उगीच म्हटलं.

तेव्हा दोन विनंत्या. एक, लातूरची दुरुस्ती छापा, आणि पान अकराच्या तळाशी पावशेर अक्षरात नको, फोटो जिथं होता तिथं. दुसरी, लेखकांना माझ्याकडून तेरचं आमंत्रण द्या. भावजय हुरड्याच्या दिवसांत सगळ्यांना बोलावते, तेव्हा आले तर टेकाडही बघून होईल. पायात चप्पल जाड घाला म्हणावं, खापरं टोचतात.

आपली,
तेरची एक माहेरवाशीण
(सध्या मुक्काम पुणे)

ता. क. : १९८३ च्या पोचेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. काम झालं की परत पाठवा. मूळ पोच मागू नका, ती मी आता कुणालाच देणार नाहीये.