बालगृहातल्या मुलांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत पोहोचवा

मा. संपादक, स. न.

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली करते. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवेच्या पॅनलवर असल्यामुळे बालगृहांत जाणं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका बालगृहात चौदा वर्षांच्या मुलीला भेटले. फाइलमध्ये शेरा होता, 'बालिका समाधानी आहे.' अधीक्षिका शेजारीच खुर्ची टाकून बसलेल्या. मुलगी प्रत्येक प्रश्नाला आधी त्यांच्याकडे बघायची, मग 'ठीक है' म्हणायची. शेवटी मी फाइल मिटली, अधीक्षिकांची परवानगी घेतली आणि तिच्याबरोबर अंगणात मटार सोलायला बसले. परातीत दाण्यांचा ढीग झाल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "छोटू को चश्मा लगा क्या?"

धाकटा भाऊ मुलांच्या बालगृहात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आठ महिन्यांत भेट नाही. त्याला फळ्यावरचं दिसत नाही, हे फक्त हिलाच ठाऊक होतं.

बाल न्याय कायदा, 2015 च्या तिसऱ्या कलमात मुलाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे. पण मांडायचं कुणापुढे, कसं, हे त्या पोरीला कोण सांगणार? आम्ही तिच्याच वाक्यांत अर्ज लिहिला, खाली तिने सही केली. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीने महिन्यातून एकदा भावाबहिणीची भेट ठरवून दिली. छोटूला चश्माही लागला.

वकील बंधू-भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. सुनावणीच्या दिवशी बाकावर दोन मिनिटं बोलून भागत नाही. आधी जा, मुलाला एकट्याला भेटा, ते हिंदीत बोलत असेल तर हिंदीत, निमाडीत बोलत असेल तर निमाडीत. त्याच्या हिताचं म्हणून आपल्याला काही वेगळं वाटलं तर तेही समितीला सांगा, पण मुलाचं म्हणणं आधी. आणि निर्णय झाला की परत जाऊन त्याला सांगा. हे माझ्याकडूनही राहून गेलं आहे, त्याची खंत वाटते.

बालगृहात गेलात की सूचनापेटीही बघा. याच कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे ती कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. मी पाहिलेली एक पेटी अधीक्षकांच्या टेबलावर होती. तिच्यात कोण चिठ्ठी टाकेल?

लोकमान्य नगर, सुदामा नगर भागात मराठी वकील पुष्कळ आहेत. त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या कामासाठी नाव द्यावं. महिन्यातला एक रविवार पुरतो.

आपली,
एक वकील, लोकमान्य नगर, इंदूर