सहाण धरून तेवीस किलो

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी

प्रिय शमे,

परवा फोनवर बोलत होते तेव्हा आई शेजारीच शेंगा सोलत होती, त्यामुळे अर्धं राहिलं. उरलेलं लिहूनच पाठवते.

२६ आठवडे झाले. तिकडे नेदरलँड्समध्ये महिने कुणी मोजत नाही, सगळा हिशोब आठवड्यांचा. इथे जिन्यात कुणी "कितवा गं?" म्हणून विचारलं की मी मनातल्या मनात भागाकार करत उभी राहते. सातवा लागलाय असं समज. २४ तारखेला परत निघायचं. २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, म्हणून त्याच्या आतच. म्हणजे माहेरपण तीन आठवड्यांचं, त्यातला एक जेट लॅग आणि सासरकडच्या जेवणांत गेला.

हो, बाळंतपण आइंडहोव्हनलाच. आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. काही बोलली नाही. देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकायला लागली. चार-पाच काड्या गेल्यावर तिच्याच लक्षात आलं, मग पानं परत उचलून धुतली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिने गृहीतच धरलं होतं गं. मागची खोली रंगवून घेतली होती, मला न सांगता.

मी तिला कागदोपत्री कारणं दिली, ती खोटी नाहीत. इथे झालं तर बाळाचा पासपोर्ट, मग तिकडचा व्हिसा, आणि हे सगळं होईपर्यंत बाप व्हिडिओ कॉलवर. (मावशीला वाटतं तिकडे जन्मलं की डच पासपोर्ट हातात देतात. नाही देत. आईबाप भारतीय म्हणून बाळ भारतीय, फक्त वर्षाच्या आत हेगच्या आपल्या दूतावासात नोंद करायची.) पण खरं कारण तुला सांगते. कळा येतील तेव्हा मला नवरा जवळ हवाय. आई नंतर चालेल. हे आईला कसं सांगायचं? तू सांगू शकली असतीस का?

सप्टेंबरमध्ये उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. नवरा ऑफिसला, बाहेर पाऊस, फोडणीचा वास सहन होत नाही आणि ब्रेड बघवत नाही. आईने आमसुलाच्या साराची कृती रेकॉर्ड करून पाठवली होती. सार एकदाही केलं नाही, पण ते रेकॉर्डिंग मात्र बाथरूमच्या फरशीवर बसून कितीदा ऐकलं असेल! "गूळ बेताने घाल" इथपर्यंत पाठ आहे. तेव्हा कुणी तिकीट हातात दिलं असतं तर मी सरळ इथे येऊन राहिले असते.

तिकडे सगळं नीट असलं तर डॉक्टर नाही, सुईण बघते. चांगली चार वर्षं शिकलेली, पदवी घेतलेली, पण शब्द तोच. आई म्हणाली, "एवढे शिकलात, परदेशात गेलात, आणि सुईणीकडे? माझ्या आजीला सुईण होती!" घरीसुद्धा बाळंत होता येतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आम्ही हॉस्पिटलच घेतलंय. पण सगळं ठीक असेल तर तिथूनही काही तासांत घरी पाठवतात, आणि मग आठवडाभर रोज एक बाई घरी येते. साधारण ४९ तास, बहुतेक खर्च विम्यातून. बाळाची अंघोळ, पाजणं, माझे टाके, ताप, सगळं बघते, वर कपडे धुऊन देते.

तिच्यासाठी तयारीची यादी आली आहे. त्यात पहिली अट पलंगाची! जमिनीपासून साधारण ८० सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे त्या बाईची कंबर मोडत नाही. आमचा गुडघ्याएवढा, तर पायांखाली लावायचे ठोकळे भाड्याने मिळतात. शिवाय धातूच्या दोन गरम पाण्याच्या बाटल्या, बाळाचं अंथरूण उबदार ठेवायला. ही यादी मी आईला मराठी करून वाचून दाखवली. पलंग, ठोकळे, बाटल्या. ती म्हणाली, "म्हणजे खाटेखाली विटा आणि शेगडी. मग वेगळं काय आहे तिकडे?" आणि त्या दिवसापासून ती जरा हलली. रात्री विचारलं, "त्या बाईला चहा कसा लागतो?"

रविवारी डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, नाकापर्यंत गजरे. तुला हसू येईल, पण मला आवडलं. मग वाट्या आल्या, झाकलेल्या. पेढा की बर्फी. आता गंमत अशी, की तिकडे २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला त्या बाईने सहज विचारलं, "सांगू का?" आणि नवरा माझ्याआधी "हो" म्हणाला. लहानपणापासून प्रत्येक दवाखान्यात ती पाटी वाचलेली मी, 'गर्भलिंग निदान केले जात नाही', मला तर क्षणभर चोरी केल्यासारखं वाटलं. ती पाटी इथे का लागते आणि तिथे का लागत नाही, याचा विचार परतीच्या बसमध्ये करत होते. आनंद होता, पण मुकाट होता. इथे कुणालाच सांगितलं नाहीये, आईलाही नाही, तुलाही सांगत नाही. माझ्या हाताला पेढा लागला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी हसले की वाडीतली दोन फुलं पडली. का हसले, ते एप्रिलमध्ये कळेल.

तिकडेही हेच आहे बरं. बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेप देतात. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी, मुलगा झाला तर निळी-पांढरी. तिला म्हणतात माउशेस, म्हणजे उंदीरपिल्लं, कारण एखाद्या दाण्याला शेपटीसारखा देठ राहिलेला असतो. आईला फोटो दाखवला, तर म्हणे हा हलवाच की, तीळ सोडून बडीशेप घेतलीये. आणि बाळंतिणीला बडीशेप हे यांना कुणी शिकवलं? आता आमच्याकडे टोस्ट आणि बाळंतशोपा दोन्ही असणार.

भांडण उरलंय ते नावाचं. तिकडे तीन दिवसांत नगरपालिकेत जन्म नोंदवायचा, नावासकट. आपलं बारसं बाराव्या दिवशी. आई म्हणते, कागदावर काय लिहायचं ते लिहा, पाळण्यातलं नाव आम्ही ठेवणार. आत्याबाई अमेरिकेत, म्हणजे ते "कुर्रर्र" फोन बाळाच्या कानाला लावून होणार. मी दोन्हीला हो म्हटलंय.

आई ५ एप्रिलला येते. व्हिसा ९० दिवसांचा, तो तिने कॅलेंडरवर मागून पुढे असा दोनदा मोजलाय. तूप न्यायचं नाही म्हटल्यावर फार रागावली होती. दुधाचं काही बाहेरून नेऊ देत नाहीत. मग तिथलं लोणी आणून कढवायचं ठरलं. डिंक, खारीक, अळीव मात्र इथूनच. काल तुळशीबागेत झबली-टोपडी घेतली, मंडईजवळ वेखंड आणि मुरुडशेंग. गुटीवरून माझं तिचं वाजलंय. सहा महिने फक्त अंगावरचं दूध असं मी म्हणते, ती "बघू" म्हणते. तिचं "बघू" तुला माहीत आहे.

तू एक काम कर. एप्रिलपर्यंत अधूनमधून आईला फोन कर. मी केला की ती फक्त "सगळं ठीक" म्हणते. आणि तुझ्या लेकीची ती निळी कुंची अजून असेल तर आईकडे पाठव, नवी नकोय मला.

आत्ता ती बाहेर ताणकाट्याला माझी बॅग लटकवून उभी आहे. परवानगी २३ किलोची, भरतायत २४ किलो ३००. खाली हात घातला तर सहाण निघाली. म्हटलं, हे काय? म्हणे, सहाण राहू दे, तुझे बूट काढ.

तुझी,
मी